कडी आतून

अभ्यासवर्गात मी म्हटलं, पुढच्या अंकात मोरीच्या कडीवर लिहितो. एक साथी फिदीफिदी हसला. म्हणाला, "गड्या, माणसं गटारात मरतायत आणि तू कडीकोयंडे घेऊन बसलायस! क्रांतीवर लिही."

बरं. क्रांतीवरच लिहितो. तुझ्या घरातली बाई आंघोळ कुठं करते, सांग.

सांगू नकोस, मला माहीत आहे. तूही माझ्यासारखाच दहा बाय सोळाच्या खोलीत वाढलास. कोपऱ्यात मोरी. गुडघाभर कट्टा. आडोशाला दोरीवर आईची जुनी साडी. तिथंच भांडी, तिथंच धुणं, तिथंच पोरांची रात्रीची लघवी आणि तिथंच बायांची आंघोळ. तुझी-माझी आई जन्मभर पहाटे चारला उठली, ती काय काकडआरतीला? आपण झोपेत असतानाच तिला अंग धुवून घ्यायचं असायचं. अंगावरची साडी न सोडता. अर्धं अंग आज, अर्धं उद्या. आपण जागे असायचो. चादर डोक्यावर ओढून झोपेचं सोंग घ्यायचो. ते सोंग हीच आपल्या घरातली कडी.

या मोऱ्या आभाळातून पडल्या नाहीत. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ ला सरकारनं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्याच्या त्या बीआयटी चाळी. बाबासाहेब स्वतः परळच्या असल्याच चाळीत राहिले. मग १९२० नंतर बीडीडी चाळी. २०७ इमारती, खोली १६० चौरस फूट, संडास मजल्याला सामायिक. गिरणीला आणि गोदीला हात पाहिजे होते, हातांना रात्री टेकायला जागा दिली. त्या हातांना अंग असतं, अंगाला लाज असते, हे नकाशा काढणाऱ्या सायबाच्या टाळक्यात कशाला येईल? वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चांगलं झालं. पण हिशेब मांडा. आतल्या एका कडीला शंभर वर्षं लागली. बाकीच्यांनी किती थांबायचं?

माझी आई टॉवरमध्ये चार घरची कामं करते. चार घरांत नऊ बाथरूम. नऊही तीच घासते, ॲसिडनं तिच्या बोटांची सालं गेली. दाराला चकचकीत लॉक, आतून बटण दाबलं की बंद. ते लॉकही तीच पुसते. पण त्या दाराआड तिनं बसायचं नाही. "बाई, तुम्ही खाली वॉचमनकडं जा." खालच्या संडासची कडी तुटलेली. एका हातानं दार ओढून धरायचं. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. डॉक्टर म्हणाला, लघवीला जळजळतं कारण पाणी कमी पिता. आई गप्प बसली. डॉक्टरला काय सांगणार? हा रोग जंतूचा नाही, जातीचा आहे म्हणून?

आमच्या वाट्याला कडी आलीच नाही असं नाही. आली, पण बाहेरून. देवळाला आमच्यासाठी कडी होती. पाण्याला न दिसणारी कडी होती, ती १९२७ ला महाडला मोडली. दुसऱ्यानं आपल्या तोंडावर लावलेली कडी आम्ही ओळखतो. आपल्या हातानं आतून लावायची कडी मात्र आमच्या बायांनी बघितली ती फडक्यानं पुसताना.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमुखानं सांगितलं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पांढरपेशे खूष. फोनवर बोलले, आधारकार्डावर बोलले. बोलू देत, तेही खरं आहे. पण सहा माणसांच्या एका खोलीत हा मूलभूत हक्क ठेवायचा कुठं? फळीवर?

म्हणून मी कडी लावली. कशी ते नीट सांगतो, कारण तुम्हालाही लावायची आहे.

कट्टा फोडून चौकट बसवली, होल्डफास्ट भिंतीत सिमेंटनं पक्के केले. दार पीव्हीसीचं, पाण्यानं फुगत नाही. ते बाहेर उघडणारं घेतलं. आत कुणी चक्कर येऊन पडलं तर अंगाचा अडसर होऊ नये. पण हे दार पोकळ असतं, स्क्रू धरत नाही. म्हणून कडीच्या जागी आत लाकडाचा ठोकळा सारला. दारूखान्यात जुनी जहाजं फोडतात, तिथल्या भंगारातनं पितळी लॅच आणलं. आतून फिरवायची घुंडी, बाहेरून नुसती चीर. अडचणीत नाण्यानं उघडता येते. स्क्रू स्टीलचे, साधे असतील तर महिन्यात गंजतात. उंची ठरवली ती पुतणीचा हात पोचेल तेवढी. बोल्टाच्या टोकाला खडू फासला, दार लावून घुंडी फिरवली. चौकटीवर पांढरी खूण उमटली, तिथं भोक पाडलं. झालं. गोदीतल्या चार पाळ्यांची मजुरी गेली.

दादा आधी कुरकुरला. जागा जाईल म्हणाला. "घरात सगळी आपलीच माणसं, लाज कसली?" बघा, कुणाची भाषा ही! लाज कुणाला असावी आणि कुणाला नसावी हे दुसऱ्यानं ठरवायचं, ही मनूचीच भाषा. फक्त तोंड आपलं. सभेत मुठी आवळायच्या, आणि घरी बाई दहा मिनिटं आत राहिली की "काय करतेस गं आत?" म्हणून दारावर थापा मारायच्या. त्या थापा मारणारा हातही निळा झेंडा धरतो, दोस्तांनो.

आणि साथी, तुला अजून हा विषय हलका वाटत असेल तर विनयपिटक उघड. चुल्लवग्ग काढ. शौचकुटीला दार, चौकट, अडसर यांची परवानगी खुद्द बुद्धानं दिली आहे. थोरामोठ्यांसाठी थांबून थांबून नवे भिक्खू बेशुद्ध पडायला लागले, तेव्हा नियम केला, जो आधी आला तो आधी जाईल, ज्येष्ठता तिथं चालणार नाही. बाहेरच्यानं खोकायचं, आतल्यानं खोकून उत्तर द्यायचं. तथागताला हा विषय हलका वाटला नाही. तुला वाटतो?

गटारात मरणाऱ्याला मी विसरलो नाही. २०१३ चा कायदा असताना त्याला खाली उतरवतात, त्यावरही लिहीन. पण तो ज्या घरातून निघतो, त्याच घरात त्याची बायको साडीआड अंग चोरून न्हाते. त्याची लढाई मोठी आणि तिची लहान, हे तागडं कुणी दिलं तुला?

पहिल्या दिवशी आई आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. पाण्याचाही आवाज नाही. पाव तास झाला. दादा घाबरला, खिशातनं नाणं काढून दाराकडं गेला. मी त्याचा हात धरला. आणि खोकलो.

आतून आई खोकली. म्हणाली, "काही नाही रे. बसलेय जरा."

दादानं नाणं खिशात टाकलं. आम्ही दोघं बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिलो.

अंक वाचून झाला असेल तर घरी जा. मोरीकडं बघ. मग मला क्रांती शिकवायला ये.

जयभीम.