पिंपातली बिअर बाटलीत कशी उतरते?



कोकणात आपले वाडवडील तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. तेल हा मोठा गरीब जिन्नस. बाटलीवर नरसाळे ठेवा, वरून ओता, निमूट खाली उतरते. बिअरचे तसे नाही. पिंपाच्या नळाखाली बाटली धरून नळ सोडला की बाटली फेसाने भरते, उरलेला फेस हातावर येतो, आणि फेस बसल्यावर तळाशी चार बोटे बिअर राहते. तीही मिळमिळीत.

आम्ही राहतो त्या एर्लांगेन गावात ही गोष्ट कोणी हसण्यावारी नेत नाही. न्युर्नबर्गच्या उत्तरेचे हे गाव पूर्वीपासून बिअरचे. गावाला लागून बुर्गबर्ग नावाची टेकडी आहे, तिच्या पोटात खडक फोडून लांबच लांब तळघरे केलेली आहेत. थंडावा करणारी यंत्रे नव्हती तेव्हा बिअरवाले आपली पिंपे तिथे ठेवीत. कार्ल फोन लिंडे ह्यांची यंत्रे १८७० नंतरच्या दशकात आली आणि तळघरांची गरज हळूहळू संपली. जत्रा मात्र राहिली. १७५५ सालापासून त्या टेकडीवर ख्रिस्ती लोकांच्या पेंटेकॉस्टला, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या शाबुओथच्या आसपास, बारा दिवस बेर्गकिर्खवाय भरते. झाडांखाली बाके, एक-एक लिटरचे मग, वाजंत्री. शेवटच्या दिवशी शेवटचे पिंप चक्क पुरतात आणि लोक रुमाल हलवून निरोप देतात! करोनामुळे २०२० आणि २०२१ साली मात्र जत्रा भरली नाही. गावातली कित्समन ही जुनी ब्रुअरी तर २०१८ साली बंदच पडली. तेव्हापासून घरी बिअर करणाऱ्यांकडे लोक जरा जास्त आदराने पाहतात, असे आमचे मत. घरापुरती, ठरावीक मर्यादेत केली तर कर नाही. विकायची मात्र नाही.

आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी अशीच घरी करतात. त्यांचे वडील नव्वदीला टेकलेले, सारी नोकरी गावातल्याच एका ब्रुअरीत झालेली. आता ते वृद्धाश्रमात असतात आणि टेकडी चढणे त्यांच्या गुडघ्यांना जमत नाही. मुलगा एक रविवार सोडून एक रविवार दोन बाटल्या घेऊन जातो. म्हातारबुवांची अट एकच: पिंपातून काढल्यासारखी लागली पाहिजे. दुकानातली बाटली चालत नाही, आणि मुलाने कशीतरी भरलेली तर मुळीच नाही. हे सगळे आम्ही तळघरात उभे राहून पाहिले आहे, म्हणून लिहितो.

आधी फेस का येतो ते बघू. मुलांनो, हे तुमच्यासाठी. बिअरमध्ये सोड्यासारखाच कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीतला सगळा वायू मोकळा केला तर तो सव्वा लिटर जागा घेईल. एवढा वायू त्या पाण्यात मुकाट बसून राहतो तो दोन कारणांनी: थंडी आणि दाब. बिअर तीन-चार अंशांवर असेल तर पाऊण बार दाब पुरतो. (गाडीच्या चाकात सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, म्हणजे हा दाब काही मोठा नव्हे.) तीच बिअर वीस अंशांवर ठेवली तर तेवढाच वायू धरायला जवळजवळ दोन बार लागतात. पिंपातून बिअर बाहेर आली की दाब एकदम जातो. त्यात बाटली गरम, कोरडी आणि धार उंचावरून पडणारी असेल, तर वायू पळून जातो. तुम्ही घरी लिंबू-सोड्यावर करून बघा. एक बाटली फ्रीजमधली, एक बाहेरची. एक ग्लास उभा धरून वरून ओता, दुसरा तिरका धरून काठाने. कुठे फेस जास्त येतो ते आजीला दाखवा.

मुंबईच्या आजी-आजोबांना गोटी सोडा आठवत असेल. ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची, १८७२ च्या पेटंटची. सोडावाला बाटली यंत्रात उलटी करून दाबाखालीच भरी. मग आतल्या वायूचाच जोर गोटीला वर रबरी कड्याशी दाबून धरी. वेगळे बूच नको, काही नको. घरी बिअर भरणारे जी युक्ती करतात ती ह्याच घराण्यातली.

शेजाऱ्यांचे पिंप पोलादी, एकोणीस लिटरचे, मुळात सरबताच्या कंपन्यांसाठी बनवलेले. आदल्या रात्री ते पिंप आणि धुतलेल्या बाटल्या दोन्ही शीतकपाटात जातात. बाटली आतून ओली असली की बरे, कोरड्या काचेवर फेस लवकर धरतो. सकाळी ते वायूची तोटी बंद करतात आणि पिंपातला दाब सोडून देतात, इतका की बिअर जेमतेम वाहावी. नळाच्या तोंडात एक नळी खोचलेली असते, बाटलीच्या तळाला टेकेल इतकी लांब. नळीवर मध्ये एक रबरी बूच ओवलेले, ते बाटलीच्या तोंडावर बसते. नळ पूर्ण उघडायचा. अर्धवट उघडला तर बिअर फटीतून घुसळून येते आणि तिथेच फेस. नवशिके लोक भीतीने नेमके हेच करतात म्हणे.

बिअर तळापासून चढू लागते. तोंड बुचाने बंद, त्यामुळे बाटलीतही दाब वाढतो, आणि पिंपाइतका झाला की प्रवाह आपोआप थांबतो. मग बूच अंगठ्याने किंचित कलते करायचे. फुस्स होते, थोडा वायू जातो, बिअर पुन्हा चढते. सगळी कला त्या अंगठ्यात. घाई केली की संपले. काठोकाठ भरल्यावर नळी काढली की तिच्या जागेइतकी पातळी खाली जाते आणि वर हवी तेवढी मोकळी जागा आपोआप राहते. त्या जागेत फेस वर आलेला असतानाच झाकण मारायचे, कारण फेसाने हवा बाहेर ढकललेली असते. हवेतला प्राणवायू आत राहिला तर काही आठवड्यांत बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. म्हणून अशी भरलेली बाटली साठवायची नसते. थंडीत उभी ठेवा, थोड्याच दिवसांत संपवा. आमच्याकडे तसेही पेसाहच्या आधी घरात काही शिल्लक राहत नाही. सातूची आंबवलेली चीज, ती हामेत्सच.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. अलिबागकडे माडी उतरवणारे मडक्याचे तोंड घट्ट बांधत नसत, कारण माडी आंबतच असते आणि वायू करीतच असते. बिअर पिंपात पुरती आंबून झालेली नसेल आणि बाटली उन्हात किंवा गाडीत राहिली, तर आत दाब चढत जातो आणि काच फुटते. काचेचे तुकडे डोळ्यांत जातात. मुरंब्याची बरणी किंवा वाइनची पातळ बाटली ह्या कामाला कधी घेऊ नये. दाब सोसणारी जाड बाटली घ्यावी. इथे चिनी मातीच्या बुचाची, तारेच्या कडीची बाटली सर्रास मिळते. झाकण मारायचे यंत्र नको, अंगठ्याने कडी दाबली की झाले.

गेल्या महिन्यात आम्हीही शेजाऱ्यांबरोबर वृद्धाश्रमात गेलो. बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून, बर्फाच्या पेटीत. म्हातारबुवांनी कडी स्वतः उघडली, कान जवळ नेऊन. ठप्प असा आवाज झाला. त्यांनी ग्लास तिरका धरून ओतली, फेस दोन बोटे आला, तो खाली बसेपर्यंत घड्याळाकडे बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, दाब अजून थोडा कमी सोड. आणि दुसरी बाटली पलंगाशेजारच्या छोट्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगितली, शेजारच्या खोलीतल्या मित्रासाठी.