उताराकडे वांकतांना

पन्नाशी उलटल्यावर पायांस स्कीच्या लांबलचक पट्ट्या बांधून बर्फावरून घसरावें, अशी हौस आम्हांस कधींच नव्हती. हौस होती ती आमच्या सौभाग्यवतींची. लग्नास सव्वीस वर्षें झालीं. तेवढ्या काळांत त्यांच्या किती मागण्या आम्हीं 'पुढें पाहूं' म्हणून टोलविल्या, याचा हिशेब त्यांनीं ठेवला नसेल, आम्हीं ठेवला होता. म्हणून गेल्या माघांत गुलमर्गास गेलों.

सुमारें २,६५० मीटर उंचीवरील हें पठार. इंग्रजांनीं १९२७ सालीं येथें स्कीइंगचा क्लब काढला. शिक्षकानें प्रथम थांबावयास शिकविलें: पट्ट्यांचीं पुढचीं टोकें जवळ आणावयाचीं, मागचीं फांकवावयाचीं, आंतल्या कडा बर्फांत दाबावयाच्या. हें समजलें. पण उतार दिसतांच मनुष्य भिऊन मागें रेलतो. भार टांचांवर जातो, पट्ट्या वळेनात, वेग मात्र वाढतो. ज्या उताराची भीति, त्याच्याचकडे वांकावें लागतें! एका सकाळींच आम्ही अकरा वेळां पडलों. (शेजारून सहा-सात वर्षांचीं काश्मिरी पोरें सरसर जात होतीं, हें वाचकांनीं विसरावें.)

बाराव्यांदा पडलों तेव्हां सौभाग्यवती खालीं उभ्या होत्या. वाटलें, हंसत असतील. त्या हंसत नव्हत्या.

"अहो, पुरे झालें. माझ्यासाठीं नको."

हेंच वाक्य ऐकावयास आम्ही चार दिवस आतुर होतों. पट्ट्या उतारास आडव्या करून कसेबसे उठलों.

"थांब जरा, येतों," म्हणालों, आणि वांकलों.