हजाराच्या आतली किटली

तुमच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या कुणालाही विचारा, भाड्याच्या खोलीसाठी पहिल्या पगारातून काय काय घेतलंस? गादी, बादली, आणि तिसऱ्या नंबरला इलेक्ट्रिक केटल! टीव्ही नंतर येतो, फ्रिज तर फारच नंतर. केटलला मात्र वेटिंग लिस्ट नाही.

आमच्या जासईत तर ही तिसऱ्या नंबरची वस्तू खोलीखोलीत दिसते. शेजारी जेएनपीटी (१९८९ पासून), आजूबाजूला कंटेनर यार्ड आणि गोदामं, आणि तिथे शिफ्टमध्ये कागदपत्रं काढणारी तुमच्या-माझ्यासारखी मंडळी. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आणि उरणची लोकल या दोघांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. मुंबई जवळ आली आणि खोल्या शोधणारे वाढले. रात्री दीडला शिफ्ट संपवून येणाऱ्याला गरम काहीतरी हवं असतं, आणि तेव्हा नाक्यावरची टपरी झोपलेली असते.

त्यामुळे दर महिन्याला कुणीतरी मला विचारतंच, "बजेट हजार रुपये. कुठली केटल घेऊ?" आणि माझं उत्तर ऐकून तोंड वाकडं करतं. कारण मी म्हणते, दुकानाचं नंतर बघू, आधी खोलीची भिंत बघ.

आधी भिंत, मग दुकान

हजाराच्या आत मिळणारी बहुतेक स्टीलची केटल दीड लिटरची आणि १५०० वॅटची असते. आता शाळेतलं फिजिक्स आठवा. १५०० भागिले २३० व्होल्ट म्हणजे साधारण साडेसहा ॲम्पिअर. आणि आपण मोबाइल चार्जर लावतो ते छोटं सॉकेट असतं ६ ॲम्पिअरचं. फरक अर्ध्या ॲम्पिअरचा, पण केटल रोज, दिवसातून चारदा लागते. सॉकेट जुनं, आतले कॉन्टॅक्ट सैल, की ते तापायला लागतं. मोठं, जाड पिनांचं, गिझरसाठी असतं ते १६ ॲम्पिअरचं सॉकेट खोलीत आहे का, ते आधी पाहा. असेल तर १५०० वॅटची केटल बिनधास्त घ्या. नसेल तर १००० वॅटच्या आसपासची शोधा. ती सव्वाचार-साडेचार ॲम्पिअरच घेते. लिटरभर पाण्याला दोन मिनिटं जास्त लागतील, एवढंच.

हे मी इतकं ताणून का सांगतेय? कारण आपण राहतो त्या घरांची गोष्टच वेगळी आहे. जासई हे दि. बा. पाटलांचं गाव. जानेवारी १९८४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी जमिनीसाठी आंदोलन केलं, त्यात पाच जणांचे जीव गेले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. जमीन गेली, कुटुंबं वाढली, तशी नवी मुंबईच्या गावांत लोकांनी घरावर घर चढवलं. 'गरजेपोटीची घरं' हा शब्द तिथूनच आला. अशा घरात मजला वाढतो तशी वायर खालून वर ओढली जाते. खालच्या कुटुंबासाठी टाकलेल्या वायरिंगवर वर चार भाडेकरू येतात, चौघांच्या चार केटल येतात. घरमालक वाईट नसतो, वायर बिचारी थकलेली असते.

माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीने एकदा घाईत केटल आणि इस्त्री एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावली. १५०० आणि १०००, मिळून अडीच हजार वॅट, म्हणजे जवळजवळ ११ ॲम्पिअर. बोर्ड वितळला, प्लग आतच चिकटला, जिनाभर जळका वास. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. पण महिनाभर सगळ्या खोल्यांना केटलबंदी! तेव्हा नियम नंबर एक: केटल थेट भिंतीत. एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टिप्लग, अडॅप्टर, काही नाही. आणि तिसरी पिन (अर्थिंगची) मोडून दोन पिनांच्या भोकात घुसवायचा भारतीय जुगाड तर अजिबात नको. बाहेरून स्टीलची केटल, ओला हात आणि अर्थिंग गायब, हे कॉम्बिनेशन जिवावर बेतू शकतं.

"मीटर तर फिरतो ना?"

आमच्या घरमालकीण मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हीटर, शेगडी काय चालणार नाय हां, आधीच सांगते."

"केटल आहे मावशी, पाच मिनिटांत आपोआप बंद होते."

"बंद होते, पण मीटर तर फिरतो ना?"

मावशींचं म्हणणं रास्त होतं. म्हणून हिशोब मांडला. लिटरभर पाणी उकळायला साधारण ०.१ युनिट वीज लागते. दिवसाला दोन लिटर धरलं तर महिन्याला ६ युनिट. एका युनिटचे सगळं मिळून १० रुपये पकडा, महिन्याचे झाले ६० रुपये. दहा रुपयांचा कटिंग दिवसातून दोनदा घेतला तर महिन्याला ६०० होतात. (टपरीवरच्या गप्पा फुकट मिळतात हे मान्य, पण त्या रात्री दीडला मिळत नाहीत.) हा हिशोब तुमच्याही घरमालकांना दाखवा. परवानगी विचारून घेतलेली केटल लपवावी लागत नाही, आणि लपवलेली केटल हमखास चुकीच्या प्लगमध्ये लागते.

दुकानात काय बघायचं?

प्रेस्टिज, पिजन, बजाज, हॅवेल्स, नावं बरीच आहेत. स्वस्त केटलमध्ये आतली गंमत सारखीच असते, त्यामुळे नावावर फार वेळ घालवू नका. हे बघा:

*ऑटो कट-ऑफ.* पाणी उकळलं की वाफ आतल्या वाटेने दोन धातूंच्या एका पातळ चकतीपर्यंत जाते, चकती तापून वाकते आणि स्विच खट्कन पडतो. १९५० च्या दशकात रसेल हॉब्स या ब्रिटिश कंपनीने आणलेली ही आयडिया आजही तशीच चालते. म्हणूनच झाकण उघडं ठेवलं तर केटल बंदच होत नाही, वाफ भलतीकडेच जाते! झाकण नीट, घट्ट लागतं का ते दुकानातच तीन-चारदा करून बघा.

*ड्राय बॉइल प्रोटेक्शन.* पाणी न घालता बटण दाबलं गेलं तरी केटल स्वतःला बंद करते. झोपेत चहा करणाऱ्यांसाठी मस्ट!

*आतलं स्टील.* '३०४' किंवा 'फूड ग्रेड' लिहिलेलं असेल तर उत्तम. बुडाशी उघडी कॉइल नको, सपाट तळ हवा, पुसायला सोपा.

*किमान पाण्याची खूण.* ही कुणीच बघत नाही. किमान खूण अर्ध्या लिटरची असेल तर एका कपासाठी दरवेळी अर्धा लिटर उकळावं लागतं. एकटे राहत असाल तर जितकी खालची खूण, तितकी बरी.

*आयएसआयची खूण, वॉरंटी कार्ड आणि जवळचं सर्व्हिस सेंटर.* वायर आखूड आहे म्हणून नाक मुरडू नका. ती मुद्दाम आखूड ठेवतात, ओट्यावरून लोंबकळून कुणाच्या हातात येऊ नये म्हणून.

आणि चहा?

इथे मराठी माणसाचा हार्टब्रेक होतो. आपला चहा म्हणजे दूध, साखर, आलं घालून उकळलेला. साध्या केटलमध्ये दूध घालायचं नाही. ते तळाला लागतं, करपतं, वर उतू जाऊन थेट स्विचच्या वाटेत शिरतं. त्यात मॅगी शिजवणाऱ्यांनाही हेच लागू. केटल फक्त पाण्याची! उपाय आहे: कपात पावडर चहा गाळणीत घेऊन वर उकळतं पाणी ओता, तीन मिनिटं झाका, मग दूध पावडर. आईच्या हातचा नाही होणार, पण रात्रीच्या शिफ्टनंतर कोण कम्पेअर करतंय?

व्होल्टेज कमी असलं की केटल 'स्लो' झाली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर १५०० वॅटची केटल जेमतेम साडेअकराशे वॅटने चालते. तळाला पांढरा थर साचतो तो पाण्यातल्या क्षारांचा, बोअरच्या पाण्याने जास्तच. महिन्यातून एकदा पाण्यात लिंबू पिळून उकळा, अर्धा तास ठेवा, धुऊन टाका. नवी केटल आणली की पहिली दोन-तीन उकळणी ओतून द्या, प्लास्टिकचा वास जातो.

तर मंडळी, हजारातले सातशे-आठशे केटलवर जाऊ देत. उरलेल्या पैशात इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट आणि अर्थिंग तपासून घ्या. त्या पैशांचं अनबॉक्सिंग कुणी करत नाही, पण तुमच्या शेजारच्या खोलीत झोपलेल्यांनाही त्याचा उपयोग आहे.