नॅनोचा धागा येईल तेव्हा येईल, नायलॉनचा धागा उपकेंद्रात आहे का?

शेतात अनवाणी चालताना काटा मोडला तर माणूस जागेवर बसतो. शुगर असलेल्याला मात्र ते कळतच नाही. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही कमी होतो. चप्पल ओली लागते तेव्हा जखम दिसते. मग हळद, चुना, झाडपाला सुरू. महिना असाच जातो आणि गोष्ट पाय कापण्यावर येते.

आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींवर लोकांना मधुमेह आहे. मधुमेहामुळे पाय कापावा लागतो, त्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशाच एका जखमेने झालेली असते.

अशा न भरणाऱ्या जखमांसाठी जगभर नॅनोफायबरच्या जाळीवर काम चालू आहे. कारल्याच्या वेलाला मांडव लागतो, तसा नव्या पेशींनाही वर चढायला आधार लागतो. जुनाट जखमेत शरीराचा हा आधार मोडलेला असतो. म्हणून विरघळणाऱ्या पॉलिमरचं द्रावण सुईतून सोडतात, त्याला हजारो व्होल्टची वीज देतात आणि केसाच्या शंभर पटीहून बारीक धागे ओढतात. त्याची पांढरी चादर जखमेवर लावली की पेशी तिच्यावर पसरतात, चादर हळूहळू विरघळून जाते.

अमेरिकेत ‘रेस्ट्राटा’ नावाची अशी जाळी मंजूर आहे. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने वेगळी वाट धरली. डुकराच्या पित्ताशयाच्या आवरणापासून तिने ‘कोलेडर्म’ ही जखमेवरची पट्टी बनवली. तिला केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली आहे. उपचाराचा खर्च 10 हजारांवरून 2 हजारांवर येऊ शकतो, असं 2023 मध्ये सरकारी पत्रकात म्हटलं होतं.

बातमी चांगलीच आहे. पण मुळाशी पाणी नसेल तर नुसत्या मांडवाने वेल वाढत नाही. आधी सडलेलं मांस काढावं लागतं, पू थांबवावा लागतो, पायाला रक्त पोचतं का ते बघावं लागतं, साखर आटोक्यात आणावी लागते, जखमेवरचा भार काढावा लागतो. हे झालं नाही तर महागातली महाग जाळीही वाया जाते.

आणि या सगळ्याच्या आधीचं काम अगदी स्वस्त आहे. नायलॉनचा एक जाड धागा तळपायाला टेकवला की पाय बधिर झालाय का ते दोन मिनिटांत कळतं. आरोग्य उपकेंद्रात तिशीपुढच्यांची साखर तपासली जाते. पण शुगर निघालेल्या माणसाची चप्पल काढून तळपाय किती ठिकाणी पाहिला जातो? तो धागा आपल्या उपकेंद्रात आहे का? हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला काहीच हरकत नाही.

तोवर घरचं काम घरी करता येतं. रोज रात्री तळपाय पाहा, वाकता येत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगा. शेतात अनवाणी जाऊ नका. कुरूप ब्लेडने कापू नका, बधिर पाय गरम पाण्यात बुडवू नका. आणि जखम दिसली, दुखत नसली तरी, दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठा. शुगरवाल्याची न दुखणारी जखमच जास्त घातकी असते.