जेनोवातील बेसन

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील जेनोवा एका दिवसात पाहून होते असे म्हणणारे तेथील अरुंद गल्ल्यांत बहुधा शिरलेलेच नसतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सान लोरेंझो कॅथेड्रलमध्ये ९ फेब्रुवारी १९४१ रोजी येऊन पडलेला, पण न फुटलेला ब्रिटिश तोफगोळा आजही ठेवलेला आहे. २००६ साली जागतिक वारसा ठरलेले रोल्ली प्रासादही जवळच आहेत.

शाकाहारी पाहुण्याची खरी कसोटी जेवणाच्या वेळी लागते. येथील विख्यात पेस्तो चटणी हिरवीगार दिसते, म्हणून निर्धास्त होऊ नये. तीत लसूण असतो आणि पार्मिजानो चीजही. हे चीज नियमानेच वासराच्या जठरातील रेनेट घालून बनवावे लागते, हे वाढपी आपणहून क्वचितच सांगतो.

त्यावर उतारा फारिनाताचा. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल, बस्स! काही तास भिजवलेले हे पातळ पीठ तांब्याच्या रुंद, उथळ परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून खरपूस, आतून पिठल्यासारखे मऊ. मात्र बरीच दुकाने मासेही तळतात, तेव्हा आधी पाहून घ्यावे. कांद्याचा प्रकारही असतो. ‘सेन्झा चिपोल्ला’, म्हणजे कांद्याविना, एवढे इटालियन पुरते. वर मिरपूड घालून ते गरम असतानाच खावे.