पडद्यामागचे अस्तर

पडद्याचे कापड घ्यायला निघालेली मंडळी दुकानात दोन तास सहज घालवतात. अस्तराला मात्र दोन मिनिटेही देत नाहीत. ‘आतून लावायचे आहे, कोणतेही चालेल,’ असे आपण बिनदिक्कत सांगून मोकळे होतो. माझे मत नेमके उलट आहे. अस्तर आधी ठरवावे, पडदा मागाहून.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. आमच्या आजीचे नऊवारी महेश्वरी लुगडे पेटीत पडून होते. नेसणारे घरात कोणी उरले नाही, म्हणून त्याचे तीन-तीन वारांचे तीन पडदे करून दिवाणखान्याच्या पश्चिमेकडील खिडकीला लावले. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात ज्या महेश्वरी विणकरांना आश्रय दिला, त्यांच्या परंपरेतले वस्त्र आपल्या इंदूरच्या घरी चारचौघांच्या नजरेसमोर राहील, हा अभिमानही होताच. शिंप्याने अस्तराविषयी विचारले. मी म्हटले, ‘कशाला? उजेड झिरपताना काठ किती सुरेख दिसतो!’

माळव्याचे तीन उन्हाळे गेले. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत पडदा झटकला, तो हातातच आडवा फाटला. त्या लुगड्याचा ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. उन्हाने रेशीम सुताच्या आधी विरते, आणि टांगलेल्या पडद्याचा सारा भार त्या उभ्या रेशमी धाग्यांवरच असतो. रंग विटतो तो डोळ्यांना दिसतो. धागा मात्र मुकाट्याने जातो. दोष उन्हाचा नव्हे, शिंप्याचा तर नव्हेच.

म्हणून काही गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. अस्तर सुती आणि घट्ट विणीचे घ्यावे. उजेडासमोर धरून मागे हात न्यावा; बोटे स्पष्ट दिसली, तर ते कापड परत ठेवावे. रंग पांढरा किंवा मोतिया असावा. तो ऊन परतवितो, शिवाय रंग उतरून पडद्याला डाग पडण्याची भीती राहत नाही. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. मीटरमागे ३-४ सेंटिमीटर गेले तरी नवल नाही. तेव्हा बेतण्यापूर्वी ते भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. नाहीतर पुढे अस्तर आखडते आणि पडद्याला नको तिथे चुण्या पडतात. खालच्या बाजूस अस्तर बोटभर आखूड ठेवून सुटे सोडावे. हल्ली अंधार करणारे लेपाचे अस्तर मिळते. झोपण्याच्या खोलीला ते ठीक. पण त्याच्या लेपाला कडक इस्त्री सोसत नाही.

अस्तर लावले की काठातून झिरपणारा तो उजेड जातो, हे खरे. ती शोभा सणावाराला तासभर पाहावी. रोज पाहण्याची हौस कापडाला परवडत नाही. आणि जुन्या वस्त्राला अस्तर जोडायचे ते हाताने, सैल टाक्यांनी. अस्तर विरले तर उसवून नवे लावता येते. आजीचे लुगडे नवे कुठून आणणार?