सायकलीचा दूरचा पल्ला

पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परतण्याची जी यात्रा १८९१ सालीं शर्यत म्हणून सुरू झाली, तिला आजच्या हौशी रूपांत सुमारें १२०० किलोमीटरांस ९० तासांची कमाल मुदत असते. पात्रतेसाठीं आधीं २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. या क्रमांतच सर्व उपदेश आला.

परंतु आमचे तरुण रविवारीं एकदम शंभर किलोमीटर जातात आणि सोमवारीं गुडघा धरून बसतात. दम थोड्या आठवड्यांत वाढतो. कंडरांस बळकटी येण्यास मात्र महिने लागतात. हें वैषम्यच दुखण्याचें मूळ होय. कंडरा एकदां दुखावली कीं वर्षाची मेहनत वायां जाते. म्हणून आठवड्याचें अंतर दशांशाहून अधिक वाढवूं नये, व चौथ्या आठवड्यांत तें मुद्दाम घटवावें. पायडल तळाशीं असतां गुडघा किंचित् वांकलेला राहील इतकी सीट उंच असावी. चढावर जड गिअरशीं झुंजूं नये. हलक्या गिअरवर पाय जलद फिरवावे. भुकेपूर्वीं खावें, पाण्याबरोबर मिठाचाहि विसर पडूं देऊं नये.

वडील मंडळींनीं या छंदास आडकाठी करूं नये. शनिवारीं रात्रीं झोप पुरी होते कीं नाहीं, एवढें पाहावें. अभ्यासाचें फळ विश्रांतींतच पिकतें.